चाकांचा पाट

त्रेसष्टाव्या वर्षी मला कोणी ‘तंबी’ म्हणेल असं वाटलं नव्हतं. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. पुण्यात छत्तीस वर्षं लोक मला ‘साहेब’ म्हणत आले. निवृत्तीनंतर मी कुंभकोणमला, बापजाद्यांच्या गावी, भाड्याच्या माडीवर राहायला आलो. त्या दिवशी घरमालकांनी खालून हाक मारली, “तंबी, ती खुर्ची वर नेऊं नका, जिन्यांत अडकेल.” ते हमालाशी बोलत आहेत असं समजून मी खुर्ची वर नेली. ती अडकली. दोन दिवस अडकून होती.

गल्लीत त्यांना ‘वाळ्त्तु रायर’ म्हणत. आम्हा तंजावरी मराठी लोकांना इकडे सरसकट रायर म्हणतात, आणि वाळ्त्तु म्हणजे शुभेच्छापत्र. पोंगलला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, ही पत्रं पाठवायची इथे जुनी रीत. एके काळी त्या आठवड्यात पोस्टमनची पिशवी फुगून यायची. मग मोबाइल आले आणि मडकं, ऊस, उगवता सूर्य असं एकच चित्र सगळ्या गावात या खिशातून त्या खिशात फिरू लागलं. रायर त्याला ‘बिनमाणसाचा वाळ्त्तु’ म्हणत. ते स्वतः मात्र पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागला की ओट्यावर कात्री, खळ आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसत. लग्नपत्रिकेची कोरी बाजू म्हणजे त्यांचा कागद, जुन्या कॅलेंडरचं पान म्हणजे पाकीट. महिनाभरात बेचाळीस पत्रं होत आणि ती सगळी ते स्वतः घरोघरी नेऊन देत.

आता आमच्या गल्लीत असा समज आहे की रायरांनी शेवटच्या वर्षी सगळ्यांना वगळलं. कोणी म्हणतं तोऱ्यात आले, कोणी म्हणतं भ्रमिष्ट झाले. ही नोंद चुकीची आहे. चुकीची नोंद सात वर्षं तशीच राहू दिली ती मी, आणि माझी नोकरीच मुळी रेकॉर्ड विभागातली होती.

रायरांच्या पत्रात शुभेच्छा नसत. ‘सुखी राहा’, ‘भरभराट होवो’ हे देवाचं काम, त्यात आपण बोलू नये असं त्यांचं मत होतं. “मीं काय देऊं शकतों? मीं पाहिलेलें देऊं शकतों,” असं म्हणत आणि वर्षभरात त्या माणसाकडे पाहिलेली एकच गोष्ट लिहीत. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला एकदा लिहिलं होतं, ‘या वर्षीं तुम्हीं दोनदां कॉफी सांडलीत आणि दोन्ही वेळां स्वतःलाच हंसलांत.’ कॉफीवाल्याने ते फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं. डॉक्टरांना लिहिलं, ‘तपासायची नळी तुम्हीं आधीं तळहातावर ऊन करून मग लावतां.’ डॉक्टर म्हणाले, हे आमच्या घरातसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

मला पहिल्या पोंगलला पत्र आलं, ‘तुम्हीं जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबतां आणि कोणीं पाहिलें नाहीं असें समजतां.’

मी संतापलो. बायकोला म्हटलं, “हा माणूस आपल्यावर पाळत ठेवतो.” ती पुण्याची. रायरांची मराठी तिला जुन्या पोथीतून कोणी बोलावं तशी वाटे आणि भारी आवडे. तिने विचारलं, “पण थांबता का तुम्ही?” मी म्हटलं, प्रश्न तो नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सातव्या पायरीशी भिंतीत एक लाकडी मूठ बसवलेली, घाम आला तरी हात सरकू नये म्हणून वर काथ्याची दोरी गुंडाळलेली. पत्राबरोबर भेट असे ती अशी. तत्त्व म्हणून आठ दिवस मी त्या मुठीला हात लावला नाही. नवव्या दिवशी लावला. आजही लावतो.

बायकोला तमिळ वाचता येत नसे, त्यामुळे एकटीने बसने कुठे जाता येत नसे. हे ती कोणाला बोललेली नव्हती. तिला त्यांनी तळहाताएवढी एक वही करून दिली. त्यात पापनाशम्, साक्कोट्टै अशी गावांची नावं बसच्या पाटीवर असतात तशीच्या तशी काढलेली, आणि खाली त्यांच्या वळणदार मोडीवजा अक्षरांत मराठी. ती वही घेऊन बायको एकटी पापनाशमला जाऊन आली आणि परत आल्यावर मला म्हणाली, “तुम्ही एकेचाळीस वर्षांत मला काय करून दिलंत हो?” मी बराच विचार केला. एकदा चहा करून दिला होता.

परतफेड म्हणून मी दुसऱ्या वर्षी दुकानातून एक झगझगीत शुभेच्छापत्र आणलं. उघडलं की त्यात नादस्वरम्, म्हणजे इकडची सनई, वाजे. रायरांनी ते उघडलं, शेवटपर्यंत वाजू दिलं, मिटलं आणि मला परत दिलं.

“छान वाजतें. पण तंबी, ह्यांत तुम्हीं कुठें आहांत?”

मी खाली केलेली सही दाखवली. ते म्हणाले, “तेवढेंच काय?”

त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा मी तेव्हा पुण्याच्या मित्रांना फोनवर रंगवून सांगत असे. दर मार्गळीत एका पहाटे ते नाच्चियार्कोविलची पहिली बस पकडत, डावीकडच्या खिडकीशी बसत आणि त्याच बसने परत येत. खाली उतरत नसत. मी त्यांना मामा म्हणे. एकदा विचारलं, “मामा, तिथलं देऊळ एवढं मोठं, समया घडवणाऱ्यांची गल्ली आहे, आणि तुम्ही उतरतसुद्धा नाही?” ते म्हणाले, “बसमधूनच दिसतें सर्व.” मी ही गोष्ट सांगताना त्यांच्या आवाजाची नक्कलही करत असे. चांगली जमायची.

नाच्चियार्कोविलला त्यांची धाकटी बहीण दिली होती. तिचं घर बसच्या रस्त्यावरच. पण तिचं नाव ते घेत नसत. का, ते मला चौथ्या वर्षी कळलं.

त्या वर्षी मार्गळीची बसफेरी झाली आणि पुढच्याच आठवड्यात रायर न्हाणीघरात पडले. कमरेचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी उरलेली पत्रं पुरी केली. भोगीच्या चार दिवस आधी मला खाली बोलावलं. उशाशी वर्तमानपत्रात गुंडाळून केळीच्या सोपटाने बांधलेला गठ्ठा होता आणि खाटेखाली एक बसका लाकडी पाट, त्याला खालून चार चाकं. चाकं मी ओळखली. आम्ही टाकून दिलेल्या प्रवासी बॅगेची होती.

“बेचाळीस आहेत,” ते म्हणाले. “एकेचाळीस गल्लींतलीं. एक धाकटीचें. तिचें पोस्टांत टाकूं नका, तंबी. हातांत द्या. पाटही तिचाच.”

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी बहिणीचा नवरा अंथरुणाला खिळला होता. त्या पोंगलला रायरांनी तिला लिहिलं होतं, ‘या वर्षीं तूं एकदांही हंसली नाहींस.’ बहिणीने ते पत्र परत पाठवलं. मागे तिने एवढंच लिहिलं होतं, ‘येऊन पाहिलेंस काय कधीं?’

“खरेंच लिहिलें तिनें,” रायर म्हणाले. “मीं गेलों नव्हतों. ऐकलें होतें, तें पाहिलें म्हणून लिहिलें. जन्मांत तेवढें एक खोटें लिहिलें.” पुढे त्या वर्षातच तिचा नवरा गेला. मग तिच्या दारात उभं राहायचं तोंड यांना राहिलं नाही. “बाकीचीं चार दिवस उशिरां गेलीं तरी चालेल. हें पोंगलपूर्वीं पोंचलें पाहिजे. ती आली तर पोंगलला येईल.”

मी म्हटलं, “मामा, निर्धास्त राहा.”

गठ्ठा आणि पाट मी वर नेऊन कोपऱ्यात ठेवला. गल्लीतली एकेचाळीस पत्रं वाटायला अर्धा तास लागला असता. पण सेवानिवृत्त अधिकाऱ्याने पोस्टमनसारखं दारोदार फिरणं मला कमीपणाचं वाटलं. नाच्चियार्कोविल अर्ध्या तासावर. मी ठरवलं, भोगीच्या दिवशी सगळं एका फेरीत उरकू. असं नियोजन मला नोकरीतही फार चांगलं जमे.

पुण्यात भोगीला भाजी करतात. इथे होळी करतात. उजाडायच्या आत घरातलं जुनंपुराणं, मोडक्या चटया, झिजलेल्या केरसुण्या, रद्दी, सगळं दारात आणून जाळायचं. त्या पहाटे माझ्या अंगात आलं. बायको आतून म्हणाली, “अहो, नीट बघून टाका हं.” मी म्हटलं, “काय ठेवायचं आणि काय नष्ट करायचं हे ठरवण्यात माझा जन्म गेला आहे.” कोपऱ्यातली रद्दी दोन्ही हातांनी उचलली, खाली नेली आणि आगीत टाकली.

सोपट आधी जळलं. वर्तमानपत्र उलगडलं आणि आतून कॅलेंडरवरचा मुरुगन देव माझ्याकडे बघू लागला. मग पाकिटं एकेक करून पानासारखी वळायला लागली. शेजारी काठी पडलेली होती. दहा-बारा तरी ओढून काढता आली असती. मी काय केलं ते स्पष्ट लिहितो. मी वर मान करून रायरांच्या खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती. मग गल्लीत कोणी आपल्याकडे बघतंय का ते पाहिलं. तेवढ्यात सगळं जळून गेलं. माझ्या बोटाला साधा चटकासुद्धा बसला नाही.

तरीही वेळ गेलेली नव्हती. वर जाऊन सांगता आलं असतं. पाट घेऊन पहिली बस पकडता आली असती. दिवसभर मी शब्द जुळवत राहिलो. संध्याकाळी ठरवलं की सकाळी सांगू.

पोंगलच्या सकाळी रायरांनीच मला बोलावलं आणि उशीखालून एक पाकीट काढून दिलं. माझं पत्र त्यांनी गठ्ठ्यात घातलेलंच नव्हतं. मी तिथेच उघडलं.

‘तुम्हीं कुरकुर करतां, पण हातीं घेतलेलें काम टाकीत नाहीं.’

“पोंचलीं ना सर्व?” त्यांनी विचारलं.

“पोचली.”

“धाकटी काय म्हणाली?”

मी म्हणालो, “काही नाही म्हणाल्या. ठेवून घेतलं.”

हे वाक्य मी आयुष्यात बोललेल्या सगळ्या वाक्यांमध्ये सर्वांत छोटं आणि सर्वांत नीटनेटकं असेल. ते ऐकून रायरांनी मान हलवली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गल्लीतल्या कोणी पत्राचा विषय काढला नाही, कारण कोणाला ते मिळालंच नव्हतं. आपल्यात यंदा रायरांना पाहण्यासारखं काही दिसलं नाही, असं समजून लोक मुकाट राहिले. कॉफीवाला तर दुखावला आणि खाली डोकावेनासा झाला. आठवड्याने रायर मला म्हणाले, “यंदा माझें लिहिण्यांत कांहीं चुकलें काय, तंबी?”

मी म्हटलं, “लोक कामात असतात, मामा.”

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, ते गेले. तेराव्याला बहीण आली. आमच्याच जिन्याच्या पायथ्याशी बसून ती कोणाला तरी सांगत होती, “शेवटपर्यंत एक वाळ्त्तु पाठवला नाहीं अण्णानें. मीं वाट पाहिली.” मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी पुढे झालो, घसा साफ केला आणि विचारलं, “अक्का, कॉफी घेणार का?”

आणि पाट? बायकोने कोपऱ्यात पाहिला, विचारलं, “हा कुठून आला?” मी म्हटलं, “मामांनी दिला.” शब्दशः ते खोटं नव्हतं. तिचे गुडघे दुखायचे. सात वर्षं ती त्या पाटावर बसून स्वयंपाकघरात इकडून तिकडे सरकत भाजी चिरत होती आणि रायरांना दुवा देत होती. दर दुव्याला मी वर्तमानपत्र थोडं वर धरायचो.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता खाली बसायचं नाही. भोगीच्या पाच दिवस आधी ती म्हणाली, “अहो, यंदा हा पाट भोगीत टाकून द्या.”

मी नाही म्हणालो. तिने कारण विचारलं. मी सांगितलं, गठ्ठ्यापासून कॉफीपर्यंत सगळं. तिने शेगडी बंद केली.

“म्हणजे सात वर्षं मी दुसऱ्या बाईच्या भेटीवर बसून भाजी चिरली?”

“तुला उपयोगी पडत होता म्हणून...”

“माझं नाव घेऊ नका. पहिली बस कितीची आहे?”

“तूही चल की.”

“मुळीच नाही. मी आले तर त्या माझ्याशी बोलतील आणि तुम्ही सुटाल.”

दुसऱ्या दिवशी पाट काखेत मारून मी नाच्चियार्कोविलला उतरलो. अक्का ओट्यावर बसून चिंचेने समई घासत होत्या. आता ऐंशीला टेकल्या आहेत. दारापुढे बाजारात मिळते ती चिकटवायची रांगोळी लावलेली.

“कोण? अण्णाच्या माडीवरचे? हें काय काढलेंत?”

“तुमचा पाट आहे. सात वर्षं उशिरा आणला.”

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या समई घासत राहिल्या. सांगून संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “काय लिहिलें होतें त्यांत?”

इथे मला मोह झाला हे कबूल करतो. रायरांची भाषा मला येते, नक्कल तर उत्तम येते. ‘धाकटे, मला क्षमा कर’ एवढं म्हटलं असतं तर ती बाई सुखी झाली असती, आणि मीही.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. “पाकीट चिकटवलेलं होतं.”

“जळतांना तरी वाचायचें होतें.”

“नाही वाचलं.”

“मग काय कामाचे तुम्हीं?” असं म्हणून त्यांनी सुनेला हाक मारली आणि माझ्यासाठी कॉफी सांगितली. कॉफी आली. साखर नव्हती. सून गडबडून आत वळली तर अक्का म्हणाल्या, “असूं दे.” मी मुकाट प्यायलो.

मग त्यांनी पाट ओढून घेतला, चाक फिरवून पाहिलं. “रांगोळीला बसायला केला वाटतें. चाकें पिठावरून गेलीं म्हणजे रांगोळी पुसेल, एवढें कळूं नये अण्णाला!” आणि त्यांनी तो उलटा केला. खालच्या बाजूला पेन्सिलीने आकडे होते, एकाखाली एक. एकवीस, एकोणीस, पंधरा, अकरा, नऊ, सात. ते मी पूर्वी पाहिले होते.

“सुताराची मापं असावीत,” मी म्हणालो.

“अण्णानें कधीं सुताराला हात लावूं दिला आहे काय?” त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. बोट सातावर थांबलं. वर गेलं. पुन्हा खाली आलं. “हे ठिपके आहेत,” त्या म्हणाल्या. “माझे. मार्गळींत दारापुढें एकवीस ठिपक्यांची घालीत होतें मीं. हे गेले, मग गुडघे गेले. नवांवर आलें, सातांवर आलें.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्याला कोणीं सांगितलें?”

तेव्हा मला ती बस आठवली. जी गोष्ट मी पुण्याच्या मित्रांना आवाज काढून सांगायचो ती मी त्यांना साध्या आवाजात सांगितली. पहिली बस, डावी खिडकी, उतरायचं नाही.

“मीं रस्त्याकडे पाठ करून बसत होतें,” अक्का म्हणाल्या. त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “उतरला नाहीं, मूर्ख.” आणि पाट सुलटा करून त्यांनी तो भिंतीशी नीट लावला.

गल्लीतल्या एकेचाळीस घरांपैकी एकतीस घरी मी जाऊन आलो आहे. काही माणसं गेली, काही गाव सोडून गेली. कॉफीवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “साहेब, त्या वर्षी मी तीनदा सांडली होती. त्यांनी मोजलंच असणार.” उरलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. रायरांनी कोणालाही वगळलं नव्हतं.

पोंगलसाठी मी अक्कांना एक पत्र केलं. एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली. तीन दिवस लागले आणि खळ सदऱ्याला लागली. लिहिलं ते असं, ‘तुम्ही मला दिलेल्या कॉफीत साखर नव्हती. तुम्ही ती घालू दिली नाहीत.’ बायकोने वाचलं आणि म्हणाली, “ह्यात तुम्ही आहात.”

पोंगलच्या सकाळी पहिल्या बसमध्ये डावीकडच्या खिडकीशी बसलो. घर आलं. चिकटवलेली रांगोळी खरवडून काढलेली होती. अक्का पाटावर बसून पिठाचे ठिपके टाकत होत्या. चाकांखाली दोन विटा अडकवलेल्या आणि तोंड रस्त्याकडे. मी मोजले. पाच होते.

मी कंडक्टरला बस थांबवायला सांगितली आणि उतरलो.